इतिहास-भूगोलाचा उपक्रम दिन : कोल्हापुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नववीच्या मुलांना पन्हाळ्यावर घेऊन गेले होते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, झालंच तर तबक उद्यान. दिवसभरात सगळं पाहून झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात लिहायला सांगितलं, तर अर्ध्या वह्यांत भाजलेलं कणीस आणि झुणका-भाकरी होती, उरलेल्यांत फलकावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली. मुलं हुशार होती, उत्साहीही होती. मी त्यांना दिवसभर नुसतं चालवलं आणि ऐकवलं, हाताला काम काहीच दिलं नाही. तेव्हापासून सहल वेगळी आणि उपक्रम दिन वेगळा, हे मी मनाशी पक्कं केलं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून माझी आजची पद्धत इथे लिहिते आहे. आठवी ते दहावीसाठी ती चालते. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, त्यामुळे ‘अभ्यासक्रमात कुठे बसतं?’ या प्रश्नाला उत्तरही तयार असतं.

आधी प्रश्न, मग जागा

आपण बहुतेक जण जागा ठरवून मोकळे होतो आणि तिथे काय करायचं ते बसमध्ये बसल्यावर सुचेल म्हणतो. तसं करू नका. आधी एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर मुलांना पुस्तकात सापडणार नाही आणि त्या जागी गेल्यावर मात्र मोजून, पाहून, विचारून काढता येईल. ‘पुराचं पाणी आपल्या गल्लीत कुठवर आलं असतं?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘पंचगंगा नदीची माहिती लिहा’ हा प्रश्नच नाही. दिवसाला एक प्रश्न आणि एक जागा पुरते. मुलं दुसरी जागा मागतील, मुख्याध्यापकही म्हणतील की एवढं भाडं भरतोय तर जोतिबाही करून या. नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न ठरला की स्वतः एकदा जाऊन या, आणि मुलं ज्या वेळी पोचणार त्याच वेळी जा. सावली कुठे आहे, पाणी कुठे मिळेल, मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूप असतं, गाडी कुठे वळते, चाळीस मुलं गोल करून बसू शकतील अशी जागा आहे का, हे सगळं वहीत टिपा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेही आधीच विचारून घ्या. या फेरीतच तुमची प्रश्नपत्रिका तयार होते. ती एका पानाची ठेवा. ‘तीन दरवाजा कोणी बांधला?’ असं विचारलंत तर मूल फलक शोधत धावतं. ‘तीन दरवाज्यातून आत येणाऱ्याला किती वेळा थांबावं लागतं, आणि तो थांबला की वरून त्याच्यावर कोणाची नजर असेल?’ असं विचारलंत तर मूल मान वर करून पाहतं.

पहिला दिवस शाळेच्या मैदानावर

नव्या शिक्षकांनी पहिलाच उपक्रम बाहेरगावी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी, सुतळी, ओळंबा, मोजपट्टी आणि चुना, एवढ्यावर पहिला दिवस होतो. भाडं नाही, संमतीपत्र नाही, आणि तुम्हाला गट सांभाळायची सवय लागते.

सपाट जागी काठी रोवा. ती सरळ उभी आहे ना ते ओळंब्याने दोन्ही बाजूंनी बघा, कारण काठी कलली तर पुढचं सगळं चुकतं. दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर चुन्याची खूण करून वेळ लिहा. सावली आखूड होत जाते, एका जागी थांबल्यासारखी वाटते आणि पुन्हा वाढायला लागते. सगळ्यात आखूड सावलीची रेषा म्हणजे बरोबर उत्तर-दक्षिण. तिच्यावर होकायंत्र ठेवलं की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता घड्याळाकडे वळा. सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता, असं मुलं ठामपणे सांगतात. कोल्हापुरात तो सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची, आपलं शहर साधारण ७४°१५′ पूर्वेवर. फरक सव्वाआठ अंशांचा, आणि एका अंशाला ४ मिनिटं लागतात. हा गुणाकार मुलांनाच करू द्या. मोजलेली वेळ बरोबर १२.३३ येणार नाही, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याची दुपार वर्षभर मागेपुढे सरकते. १० नोव्हेंबरच्या सुमारास ती १२.१७ ला येते, १ फेब्रुवारीच्या सुमारास १२.४७ ला.

या दोन तारखा मी मुद्दाम घेतल्या आहेत. कोल्हापूरच्या मुलाला किरणोत्सव सांगावा लागत नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईपर्यंत येतात. वर्षात दोनदाच का, आणि याच तारखांना का? मुलांना दिनदर्शिका द्या आणि दोन्ही बाजूंनी २२ डिसेंबरपर्यंतचे, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो त्या दिवसापर्यंतचे, दिवस मोजायला सांगा. एकीकडे ४२ येतात, दुसरीकडे ४१. म्हणजे दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, उत्तरेकडे परतताना त्याच जागी पुन्हा येतो, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. काठीही तेच सांगते. दोन्ही तारखांना एक मीटर काठीची दुपारची सावली जवळपास ६७ सेंटिमीटर भरते, २२ डिसेंबरला ८४. सुट्टी किंवा ढग आडवे आले तर मोजणी एखाद-दुसरा दिवस पुढेमागे करा, फरक फार पडत नाही. देवळाच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे किरणं अडतात का, यावर शहरात दर वर्षी बोललं जातं. या मोजणीनंतर त्या चर्चेत मुलांना स्वतःहून भाग घेता येतो. आजीला हे समजावून सांगा, असा गृहपाठ मी देते.

नदीचा दिवस

पुराचा विषय आपल्याकडे परका नाही. कित्येक मुलांच्या घरात पाणी शिरलं आहे, काहींनी जनावरं गमावली आहेत. म्हणून आदल्या दिवशी वर्गात शांतपणे विचारून घ्या. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नका, आणि ज्याला बोलायचं आहे त्याचं मध्ये न थांबवता ऐका.

हा दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पावसाळ्यात नदीकाठी विद्यार्थी नेऊ नका, आणि उन्हाळ्यातही घाटाच्या पाण्यालगतच्या पायऱ्यांवर उतरू देऊ नका. शेवाळावरून पाय घसरायला क्षण पुरतो.

सुरुवात वर्गात जिल्ह्याच्या नकाशाने करा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा, प्रयाग चिखलीला संगम, पुढे नृसिंहवाडीला कृष्णेशी भेट. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिरोळकडे पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच जिल्ह्यात. हा फरक नुसता सांगू नका, दोन गावांचे पावसाचे खांब फळ्यावर एकाच मापाने काढायला लावा, गगनबावड्याचा खांब फळ्याबाहेर जातो. मग प्रश्न येतोच : घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कोल्हापूरला येऊन तुंबतं कशामुळे? पूर्वेकडे नदीला उतार कमी, वळणं खूप, आणि कृष्णाही फुगलेली असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापूरच्या मुलांना तोंडपाठ असते : इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण ५५ फूट म्हणजे आपल्या शाळेच्या फाटकापाशी किती, हे कोणाला सांगता येत नाही. तेच काम या दिवसाचं.

यासाठी गवंडी वापरतात ती दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी आणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यात पाणी भरताना एक टोक उंच धरून सावकाश भरा. आत बुडबुडा राहिला तर मोजणी फसते, म्हणून नळी उन्हात धरून टोकापासून टोकापर्यंत नीट बघा, बुडबुडा दिसला तर त्या जागी टिचक्या मारत तो वर सरकवा. पाण्यात चिमूटभर हळद घातली की पातळी लांबूनही दिसते. नळीची दोन्ही टोकं कितीही लांब असोत, त्यातलं पाणी एकाच पातळीला राहतं. एक मूल पुराच्या खुणेशी टोक धरतं, दुसरं दहा मीटर पुढे मोजकाठी उभी करून तिच्याशी टोक धरतं. दोन्हीकडे जमिनीपासून पाणी किती उंचीवर आहे ते मोजायचं, फरक लिहायचा, पुढे सरकायचं. सगळे फरक चिन्हासकट मिळवत गेलं आणि खुणेची जमिनीपासूनची उंचीही हिशेबात धरली की खुणेच्या तुलनेत शाळा किती वर किंवा खाली आहे ते कळतं.

पुराची खूण शोधणं हाच मुळात अर्धा इतिहास आहे. भिंतीवरचा चिखलाचा पट्टा, दुकानदाराने रंगाने ओढलेली रेघ, देवळाच्या पायरीकडे बोट दाखवणारे आजोबा. ‘२०१९ ला पाणी इथवर होतं’ असं दोघांनी सांगितलं आणि दोन्ही खुणांत हातभर फरक निघाला, तर मुलं गोंधळतात. गोंधळू द्या. कोण तिथे स्वतः उभं होतं, कोणी ऐकलं आहे, कोणाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, यावरून कोणावर किती विसंबायचं ते मुलंच ठरवतात. साधनांची चिकित्सा म्हणून पाठ्यपुस्तकात जे शिकवतो ते हेच.

एकाच मार्गाची मोजणी दोन गटांना स्वतंत्रपणे करू द्या. आकडे जुळणार नाहीत. पाच सेंटिमीटरचा फरक आला तर शाबासकी द्या, अर्ध्या मीटरचा आला तर कुठे चुकलं ते शोधायला परत पाठवा.

गडाचा दिवस

गाडी काढून पन्हाळ्याला जायचंच असेल तर अंबरखान्यावर, म्हणजे गडाच्या धान्यकोठारांपाशी, थांबा. पन्हाळा २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, मराठ्यांच्या लष्करी वारशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. तेव्हा खडूने खुणा करणं, भिंतीवर चढणं, दगड उचलून आणणं हे सगळं बंद, आणि ते गडावर पोचण्याआधीच सांगून ठेवा.

प्रश्न असा : १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता, तेव्हा आतली माणसं काय खात आणि कुठलं पाणी पीत होती? गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांत २५ हजार खंडी धान्य मावत असे, असं ऐकायला मिळतं. मुलांना हे मान्यही करू देऊ नका, नाकारूही देऊ नका. पावलांनी लांबी-रुंदी मोजायची, उंचीसाठी दगडांचे थर मोजून एका थराच्या उंचीने गुणायचं, आणि घनफळ काढायचं. मग खंडी म्हणजे किती? खंडीचे २० मण, पण मण मात्र मुलखामुलखात आणि काळानुसार बदलत गेला. शाळेत शिकलेला इंग्रजी अमदानीतला मण सुमारे ३७ किलोचा होता, तो इथे लावावा का? एका गटाने ३७ किलो धरावेत, दुसऱ्याने १५, आणि दोघांनी आपापली उत्तरं कोठीच्या घनफळाशी लावून पाहावीत. एक घनमीटर गहू साधारण पाऊण टन भरतो, एवढाच आकडा तुम्ही द्यायचा. माझ्या अनुभवात या अर्ध्या तासात मुलं जेवढं भांडतात तेवढं दुसऱ्या कशावरही भांडत नाहीत.

पाण्यासाठी अंधारबावीकडे चला, वाटेत दगड बघत. माथ्यावरचा तांबडा, भोकाभोकांचा जांभा आणि त्याखालचा काळा, घट्ट बसाल्ट. जांभा पाणी मुरू देतो, बसाल्ट अडवतो. जांभ्याच्या एखाद्या सुट्या खड्यावर बाटलीतलं पाणी ओता आणि तसंच काळ्या दगडावर ओता, बोलायची गरज पडत नाही. गडावर विहिरी का टिकल्या हे मुलं आपणच सांगतात. वेळ उरला तर गडाच्या पश्चिम कडेला उभं राहून विशाळगडाची दिशा होकायंत्राने काढा. सरळ रेषेत ते अंतर ४० किलोमीटरच्या आसपास भरतं. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर (पन्हाळा ४७ एल/१ या पत्रकात येतो) मधल्या डोंगररांगा आणि ओढे मोजले की आषाढातल्या त्या रात्रीची वाट नकाशावरच जड वाटू लागते.

शहरातल्या शहरात

पैसे आणि वेळ दोन्ही नसेल तर टाऊन हॉल संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ब्राँझची पोसायडनची छोटी मूर्ती इथली. समुद्राचा परदेशी देव समुद्रापासून सह्याद्रीच्या या बाजूला कसा आला, हा दिवसाचा प्रश्न. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने ब्रह्मपुरीला उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली, एवढं सांगून थांबा. मुलांना एक-एक वस्तू वाटून द्या आणि पाटी न वाचता पंधरा मिनिटं तिचं चित्र काढायला लावा. चित्र काढताना डोळा थांबतो, फुटका कान, झिजलेलं टोक, जोडाची रेघ दिसते. पाटी शेवटी वाचायची.

दुसरी पायी होणारी फेरी दसरा चौकाची. १९०५ साली गगनबावड्याकडचा एक मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहायचा कुठे, जेवायचा कुठे? त्या परिसरातल्या मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंगसारख्या वास्तू बघताना शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात का घातला ते ध्यानात येतं. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा आदेश त्याच रस्त्यावर उभं राहून वाचला तर वेगळा ऐकू येतो. तिथून बिंदू चौक जवळच आहे. फुले आणि आंबेडकरांचे पुतळे तिथे १९५० मध्ये बसले, बाबासाहेब हयात असताना.

खिद्रापूरचं देऊळ, गुऱ्हाळ, बाजारपेठ, हे सगळं करता येतं. गुऱ्हाळाला नेलंत तर काहिलीपासून मुलं दोन हात लांब राहतील अशी दोरी बांधून घ्या, उकळता रस अंगावर उडतो.

निघण्याआधी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची सहीनिशी संमती, पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, प्रथमोपचार पेटी, सॅनिटरी पॅड, मीठ-साखरेचं पाणी. कोणाला दमा किंवा फिट येतात का ते पालकांकडून लिहून घ्या. वर्गणी शक्यतो काढू नका. पन्नास रुपयांसाठी एखादं मूल ‘बरं नाही’ म्हणून घरी राहतं आणि आपल्याला कळतही नाही. शहरातले दिवस पायी किंवा एसटीने होतात, गडाचा खर्च शाळेतून उभा करा. डबा घरचाच.

पाच जणांचा गट करा : मोजणारा, लिहिणारा, चित्र काढणारा, लोकांना विचारणारा आणि वेळ बघणारा. जेवणानंतर कामं सक्तीने बदला. आपोआप बदलत नाहीत, मुली लिहीत राहतात आणि नळी-काठी मुलांच्याच हातात राहते.

परतल्यावर

त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, तिथेच बसून अर्धा तास प्रत्येक गटाला आपलं उत्तर सांगू द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मं विरून जातं. निबंध लिहून घेऊ नका. एक मोठा कागद, त्यावर हाताने काढलेला नकाशा, मोजलेले आकडे, आणि ‘आम्हाला अजून कळलेलं नाही’ असा एक प्रश्न, एवढं पुरे. गुण द्यायचे तर मोजणी आणि नोंदींना द्या, सजावटीला नको. पुराच्या मोजणीचा कागद शाळेत लावाच. पालक-सभेला आलेले लोक त्यापुढे थांबतात, आणि कोणी तरी म्हणतं, ‘आमच्या घराशेजारची खूण यात नाही.’ त्यांचा पत्ता घ्या, पुढच्या वर्षीची सुरुवात तिथून करा.

शेवटचं काम तुमचं स्वतःचं. एका पाकिटात प्रश्नपत्रिकेची एक प्रत, गाडीवाल्याचा नंबर, सावली किती वाजता कुठे होती, कोणत्या आजोबांनी वेळ दिला आणि कोणता प्रश्न फसला, हे सगळं लिहून कपाटात ठेवा. वर तारीख घाला. तुमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला ते पाकीट पहिल्याच दिवशी हातात द्या.